जिल्हा कबड्डी संघटनेपुढे खेळाडूंच्या विम्याचा प्रस्ताव कसा मांडाल?

रात्री दहाचा सामना. आमच्या चढाईपटूचा पाय मॅटच्या जोडावर अडकला, त्याच क्षणी डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने घोटा धरला, वरून दोघे आले आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. आवाज बाकावर बसलेल्या आम्हाला ऐकू आला. त्याला टेम्पोत घालून नेलं. इकडे निवेदकाने माइकवरून आवाहन केलं आणि दोन पोरांनी गमछा धरून मैदानाभोवती फेरी मारली. लोकांनी दिले, नाही असं नाही. दहाच्या, वीसच्या, कुणी शंभरची नोट टाकली. पण गमछ्यातले पैसे दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयलाही पुरले नाहीत.

त्यानंतर आमच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस म्हणून मी जिल्हा संघटनेकडे अपघात विम्याचा विषय नेला. पहिल्या वर्षी तो पडला. पडला म्हणजे कुणी विरोध केला नाही. इतिवृत्तात 'सूचना नोंदवून घेतली' एवढी एक ओळ आली आणि विषय संपला. दुसऱ्या वर्षी तोच विषय दहा मिनिटांत मंजूर झाला. मधल्या वर्षात काय बदललं, ते नव्या चिटणिसांसाठी आणि खेळाडूंसाठी लिहितोय. खो-खो, व्हॉलीबॉल, कुस्ती, कुठल्याही खेळाच्या जिल्हा संघटनेत थोड्याफार फरकाने हेच चालतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. विम्याची कल्पना सभेत कुणालाही वाईट वाटत नाही. गाडी अडते ती 'हे करणार कोण?' या प्रश्नावर. तुमच्या प्रस्तावात त्याचं उत्तर नसेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग होत नाही.

सभासद कोण, हे आधी बघा

आपण सहज 'संघटनेचे सभासद' म्हणतो, पण बहुतेक जिल्हा संघटनांमध्ये खेळाडू हा सभासद नसतोच. सभासद असतं ते संलग्न मंडळ. खेळाडूची नोंदणी मंडळामार्फत होते आणि सभेत मत असतं ते मंडळाच्या प्रतिनिधीला. त्यामुळे तुम्ही कितीही चांगले खेळाडू असा, स्वतःच्या नावाने केलेला अर्ज फायलीत पडून राहतो. प्रस्ताव मंडळाच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-चिटणिसांच्या सहीने आणि मंडळाच्या बैठकीत ठराव करूनच गेला पाहिजे.

मग संघटनेची घटना मिळवा. आपल्याकडच्या क्रीडा संघटना साधारणपणे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. कार्यालयात घटनेची प्रत मागितली तर 'कशाला हवी?' असं विचारतील. भांडू नका, 'वाचायला' म्हणा. नाहीच मिळाली तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून नक्कल काढता येते.

घटनेत तीन गोष्टी शोधा. उद्देशांच्या कलमात 'खेळाडूंचे हित' किंवा 'कल्याण' असा शब्द आहे का? असला तर त्या कलमाचा क्रमांक टिपून ठेवा, पुढे पत्रात लागतो. सभेच्या किती दिवस आधी विषय लेखी द्यायचा? आणि कार्यकारिणीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो? कधी कधी रक्कम त्या मर्यादेत बसते आणि सर्वसाधारण सभेपर्यंत जावंच लागत नाही. तसं असलं तरी सभेत जा असं मी म्हणेन. कार्यकारिणीने दिलेली सवलत पुढची कार्यकारिणी गुपचूप बंद करू शकते. सभेचा ठराव मोडायला पुन्हा सभाच लागते.

विमा म्हणजे नेमका कुठला?

पहिल्या वर्षी मी इथेच आपटलो. मी नुसतं 'विमा' म्हणालो. एकाला वाटलं आयुर्विमा, दुसऱ्याला मेडिक्लेम, तिसरा म्हणाला, 'बँकेत वीस रुपयांत निघतो की!'

त्या तिसऱ्याचं पूर्ण चूक नव्हतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्वाला 2 लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला 1 लाख. 18 ते 70 वयाच्या कुणाही बँक खातेदाराला तो घेता येतो आणि वर्ष 1 जून ते 31 मे असं धरतात. प्रत्येक सज्ञान खेळाडूने तो घ्यावाच, त्यासाठी संघटनेच्या ठरावाची गरज नाही. पण त्यात दवाखान्याचा खर्च मिळत नाही. कबड्डीत माणूस सुदैवाने क्वचित मरतो. लिगामेंट तुटतं, खांदा निखळतो, मनगट मोडतं. शिवाय किशोर आणि कुमार गटातली बरीचशी पोरं 18 च्या आतली, त्यांना ही योजना लागूच नाही.

आपल्याला हवा असतो तो समूह व्यक्तिगत अपघात विमा, आणि त्यात अपघाताच्या वैद्यकीय खर्चाचं जोडकलम. मूळ पॉलिसीत मृत्यू आणि कायमचं अपंगत्व असतं. वैद्यकीय खर्च बहुधा वेगळा मागून घ्यावा लागतो आणि खेळाडूला खरा उपयोग त्याचाच. हे एक वाक्य पाठ करून ठेवलंत तरी अर्धी सभा जिंकलीत.

दहीहंडीचं उदाहरण सभेत हमखास चालतं. 2023 मध्ये राज्य सरकारने 50 हजार गोविंदांचा विमा उतरवला होता. माणशी हप्ता 75 रुपये, मृत्यू झाल्यास 10 लाखांचं कवच. मोठ्या संख्येने एकत्र गेलं की हप्ता किती खाली येतो हे त्यातून चटकन कळतं. मात्र तो विमा उत्सवाच्या काळापुरता होता. आपल्याला सराव धरून वर्षभराचा हवा, म्हणून 75 रुपयांचं गाजर कुणाला दाखवू नका. नाहीतर खरं कोटेशन आल्यावर तोंडघशी पडाल.

माणसं मोजा

'जिल्ह्यात हजारो खेळाडू आहेत' हे भाषणात ठीक आहे. विमा कंपनीला यादी लागते: नाव, जन्मतारीख, मंडळ, वारस. संघटनेकडे चालू हंगामाची नोंदणी असतेच, तिथून गटवार आकडा काढा. पुरुष, महिला, कुमार, किशोर असे वेगळे.

त्यात पंच आणि गुणलेखक धरायला विसरू नका. एकतर धावत्या खेळाडूची धडक बसून पंचही पडतात. दुसरं कारण थोडं राजकीय आहे, पण सांगतोच. कार्यकारिणीत निम्मे लोक पंच मंडळातून आलेले असतात. ज्या योजनेत त्यांचं नाव नाही तिच्याबद्दल त्यांना फारसा उत्साह नसतो, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

याच वेळी पाच-सहा मंडळांच्या चिटणिसांना फोन करून गेल्या हंगामात कुणाला काय लागलं आणि खर्च किती आला ते विचारा. मोठं सर्वेक्षण नको. वहीच्या एका पानावर मावेल इतकं पुरे: मंडळ, गट, दुखापत, सामन्यात की सरावात, खर्च कुणी केला. आमच्या पानावर शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'वडील' किंवा 'मामा' असं आलं होतं. सभेत ते पान नुसतं फिरवलं. माझ्या भाषणापेक्षा त्याने जास्त काम केलं.

कोटेशन आणि त्यातले बारीक अक्षर

किमान तीन कोटेशन घ्या, त्यातलं एक तरी सरकारी विमा कंपनीचं. एक कोटेशन नेलंत की 'एजंट याचा मेहुणा आहे का?' अशी कुजबुज होते. तुमचा खरोखरच कुणी नातेवाईक एजंट असेल, तर त्याच्याकडून घेऊच नका.

कोटेशन मागताना खेळाचं नाव लिहून द्या. 'क्रीडा संघटनेचे सभासद' एवढंच लिहिलंत तर स्वस्त दर येईल आणि क्लेमच्या वेळी कळेल की खेळताना झालेली इजा वगळलेली आहे. अपघात विम्यात धोकादायक किंवा व्यावसायिक खेळांना वगळणारी कलमं असतात. म्हणून 'कबड्डीचा सामना व सराव यांदरम्यान झालेली इजा समाविष्ट' हे वाक्य पॉलिसीच्या कागदावर छापून मागा. एजंटने फोनवर दिलेला शब्द क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही.

पुढचे प्रश्न लेखी विचारा. 18 वर्षांखालील खेळाडू चालतील का? वैद्यकीय खर्चाची मर्यादा किती, आणि त्यासाठी दवाखान्यात दाखल व्हावंच लागतं का? (प्लास्टर घालून त्याच दिवशी घरी सोडलेल्याचं काय, हा यातला खरा प्रश्न.) फिजिओथेरपी मिळते का? बहुधा नाही, पण विचारा. जुन्या दुखापतीवर पुन्हा लागलं तर? हंगामाच्या मध्यात नोंदणी केलेला खेळाडू यादीत घालता येतो का? दर जीएसटी धरून आहे की सोडून?

ही सगळी उत्तरं अर्ध्या पानाच्या तक्त्यात भरा. तिन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं सभेत वाटू नका. ती वडापावखाली जातात.

खजिनदाराला आधी भेटा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

नवा माणूस थेट अध्यक्षांकडे जातो. अध्यक्ष 'छान, छान, मांडा' म्हणतात, पाठीवर थाप मारतात आणि आपण खूश होऊन घरी येतो. सभेत विषय निघाला की अध्यक्ष खजिनदाराकडे बघतात. खजिनदाराने ती गोष्ट तिथेच पहिल्यांदा ऐकलेली असते. मग तो काय म्हणणार? 'निधी बघावा लागेल.' त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. वर्षअखेरीला हिशेब तपासनिसापुढे त्यालाच बसायचं असतं.

दुसऱ्या वर्षी मी सभेच्या दीड महिना आधी आमच्या खजिनदारांच्या दुकानात गेलो. दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना. हिशेब घरून करून नेला होता. तो कसा मांडायचा ते काल्पनिक आकड्यांनी दाखवतो.

समजा 60 मंडळं, प्रत्येकी 15 खेळाडू, म्हणजे 900. त्यात 40 पंच-गुणलेखक. एकूण 940. हप्ता माणशी 150 रुपये धरला तर वर्षाला 1,41,000. हा आकडा ऐकून कुणीही हात वर करेल. आता फोड करा. खेळाडूच्या नोंदणी शुल्कात 75 रुपये वाढवले तर 67,500 आले. वर्षात 30 स्पर्धांना मान्यता दिली जाते आणि प्रत्येक आयोजकाकडून विम्यासाठी 1,500 जादा घेतले, तर 45,000. झाले 1,12,500. संघटनेच्या खिशातून जायचे उरले 28,500. तेवढ्यासाठी निवड चाचणी स्पर्धेच्या एखाद-दोन बॅनरचा पुरस्कर्ता मिळवणं अशक्य नसतं.

खजिनदाराच्या मनात राहायला हवा तो 28,500 चा आकडा. 1,41,000 चा नव्हे.

एक पथ्य मात्र पाळा. विम्याच्या नावाने सगळ्यांकडून मिळून हप्त्यापेक्षा जास्त पैसे गोळा करू नका. समूह विम्याच्या नियमांतही ते बसत नाही आणि 'विम्याच्या पैशांतून जेवणावळ झाली' हे ऐकायलाही बरं वाटत नाही. वेगळं खातं उघडायची गरज नाही, खतावणीत वेगळं पान पुरे. हेही खजिनदारांनाच सुचवू द्या. आमच्या खजिनदारांनी ते स्वतः सुचवलं आणि त्या क्षणापासून प्रस्ताव त्यांचाही झाला.

पत्र

एका पानाचं लिहा. मसुदा असा चालेल:

'प्रति, मा. सरकार्यवाह, जिल्हा कबड्डी संघटना. विषय : नोंदणीकृत खेळाडू, पंच व गुणलेखक यांच्यासाठी समूह अपघात विमा एका हंगामाकरिता प्रायोगिक तत्त्वावर सुरू करणेबाबत. महोदय, घटनेच्या कलम ... मधील खेळाडू हिताच्या उद्देशास अनुसरून वरील विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, ही विनंती. अपेक्षित लाभार्थी ..., वार्षिक हप्ता ..., संघटनेवर पडणारा निव्वळ भार ... . यादी, कागदपत्रे व क्लेमचा पाठपुरावा ही कामे आमच्या मंडळाचे ... व ... पहिल्या वर्षी विनामोबदला पाहतील. सोबत : तीन दरपत्रकांचा तक्ता, मंडळाचा ठराव.'

'प्रायोगिक तत्त्वावर' आणि 'एका हंगामाकरिता' हे शब्द सोडू नका. कायमची जबाबदारी घ्यायला कुठलीही कार्यकारिणी कचरते, एक वर्षाला सहसा नाही म्हणत नाही. आणि कामं कोण बघणार या वाक्यात खरी नावं घाला. 'हे करणार कोण?' याचं उत्तर तेच आहे.

पत्र कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं पत्र 'बघितलं नाही' म्हणून सहज विरून जातं.

सभेच्या दिवशी

विषयपत्रिका आली की तुमचा विषय स्वतंत्र क्रमांकाने छापलाय का ते पाहा. छापला नसेल तर लगेच सरकार्यवाहांना आदराने आठवण करा. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या खात्यात तो ढकलू देऊ नका. माझ्या पहिल्या वर्षी तसंच झालं होतं. दुपारचे दोन वाजले होते, मागच्या खोलीतून मसालेभाताचा वास येत होता आणि मी एकटा उभा राहून अपंगत्वाची टक्केवारी समजावत होतो. शिवाय पैशांचा विषय आधी सूचना न देता घेता येत नाही, असा आक्षेप तिथे कुणीही काढू शकतो, आणि तो रास्त असतो.

सूचक तुम्ही, तर अनुमोदक दुसऱ्या तालुक्यातला शोधा. शक्य असेल तर मैदानावर तुमच्याशी कायम भांडणाऱ्या मंडळाचा. ठराव लिहूनच न्या, म्हणजे इतिवृत्त लिहिणाऱ्याला शब्द शोधावे लागत नाहीत: 'सन ... च्या हंगामासाठी नोंदणीकृत खेळाडू, पंच व गुणलेखक यांचा समूह अपघात विमा उतरवण्यास, नोंदणी शुल्कात प्रति खेळाडू ... रुपये वाढ करण्यास व संघटनेच्या निधीतून कमाल ... रुपये खर्च करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. अंमलबजावणीसाठी तीन जणांची उपसमिती नेमण्यात येत आहे.' त्यात 'कमाल' हा शब्द खजिनदारांसाठी आहे.

पाच मिनिटांच्या वर बोलू नका. एखादे ज्येष्ठ उठून म्हणतील, 'आम्ही मातीत खेळलो, गुडघे फोडून घेतले, आमचा कुणी काढला होता विमा?' त्यांना उत्तर देऊ नका. 'अण्णा, म्हणूनच तुम्ही उपसमितीत या' म्हणा. आमचे अण्णा आले. विमा कंपनीच्या माणसाला सर्वांत जास्त फैलावर तेच घेतात.

मंडळांवर भार पडतो ही हरकत मात्र खरी असते. खेड्यातलं मंडळ बारा पोरांचं नोंदणी शुल्कच कसंबसं भरतं. तिथे मुली आणि किशोर गटाचा वाटा संघटनेने उचलावा अशी तडजोड आधीच खिशात ठेवा, आकड्यासकट.

मंजूर झाल्यावर

टाळ्या वाजतात आणि सगळे जेवायला जातात. तुमचं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मागून घ्या, कंपनीला ती लागते. पॉलिसी पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या आधी सुरू होईल अशी तारीख धरा. 18 च्या आतल्या खेळाडूंसाठी पालकांची सही घ्या. आधारच्या प्रती मंडळाच्या ग्रुपवर गोळा करू नका. तिथे दोनशे लोक असतात.

प्रत्येक मंडळाला एक कागद द्या, भिंतीला चिकटवायला: लागलं तर कुणाला फोन, किती दिवसांत कळवायचं, कुठली कागदं जपायची. सामन्यात लागलं तर गुणपत्रकाची प्रत आणि पंचांची सही. सरावात लागलं तर गुणपत्रक नसतं, तिथे हजेरीवहीच पुरावा. म्हणून सरावाची हजेरी रोज, तारखेसह, शाईने. बऱ्याच मंडळांत ही वहीच नसते. विम्याच्या निमित्ताने ती सुरू झाली.

आमचा पहिला क्लेम कुमार गटातल्या एका पोराच्या मनगटाचा होता. सकाळच्या सरावातला. हजेरीवही होती, क्ष-किरणाचा अहवाल होता, बिलं होती, तरी फाइल परत आली. दवाखान्याच्या बिलावर त्याचं घरचं नाव होतं आणि आमच्या यादीत शाळेतलं. त्याचे वडील कामावर खाडा करून दोनदा दवाखान्यात गेले, बिल दुरुस्त करून आणलं, मग पैसे जमा झाले. तेव्हापासून आमच्या नोंदणी अर्जावर नावाच्या रकान्याखाली छापलंय: 'आधारवर आहे तसेच लिहा. दवाखान्यातही हेच सांगा.'